टायरच्या किनारीवर काय लिहिलेले असते?

कापडाचा ताका हातात आला की आपण आधी त्याची किनार पाहतो. किनारीवर गिरणीचे नाव असते, मालाची जात असते. मग पन्हा मोजतो, भिंग लावून इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती ते बघतो, बोटांनी पोत चाचपतो. भावाची गोष्ट त्यानंतर. मीटरमागे पंचवीस पैशांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारा हाच व्यापारी आपला माल वाहणाऱ्या गाडीचा टायर घेताना मात्र दुकानदाराला एवढेच विचारतो, "नवीन आहे ना? मग बसव." टायरलाही किनार असते आणि तिच्यावर ताक्याच्या किनारीपेक्षा कितीतरी जास्त मजकूर असतो. हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही माल रस्त्यावर सांडल्यानंतर.

गोष्ट २०१७ सालच्या मे महिन्यातली. मालेगावहून नाशिकच्या एका गिऱ्हाइकाकडे कोरे कापड निघाले होते. गाडी घरचीच, लोक जिला 'छोटा हत्ती' म्हणतात ती. दुपारी दोनच्या सुमारास चांदवडच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. ड्रायव्हर जुना आणि शांत डोक्याचा, त्याने ब्रेकवर पाय न देता गाडी हळूहळू कडेला घेतली म्हणून जीव वाचले. मात्र दोरखंड तुटून गाठी खाली आल्या आणि दोन गाठींचे कापड डांबराला घासून बाद झाले. मी पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, टायर तर नवाच होता, तीन महिने झाले." आणि ते खरे होते. बिल माझ्याच खिशात होते.

फुटलेला टायर पंक्चरवाल्याकडे नेला. म्हातारा माणूस, शाळेचे तोंड न पाहिलेला, पण त्याने टायरच्या बाजूवर ओला फडका फिरवला आणि मला म्हणाला, "भाई, हा मोटारीचा टायर आहे, मालगाडीचा नाही. शिवाय सहा वर्षांचा आहे." मी शाळा शिकलेला, हिशेबाची चोपडी स्वतः लिहिणारा, आणि तो जे वाचत होता ते मला वाचता येत नव्हते. त्या दिवसापासून मी टायरच्या बाजूवरचे वाचायला शिकलो. आपल्यापैकी अनेकांची शाळा उर्दू माध्यमातली, इंग्रजी अक्षरांशी दोस्ती उशिरा झाली, त्यामुळे असल्या बारीक छापाकडे नजर जात नाही. पण यात इंग्रजी भाषा अशी नाहीच. पाच-सहा आकडे आहेत आणि चार-दोन अक्षरे.

पन्हा, उंची आणि रिम

छोट्या मोटारीच्या टायरवर ठळक अक्षरांत असे लिहिलेले आढळेल: १४५/८० आर १२ ७४ टी. टायरवर आकडे इंग्रजीत असतात, येथे मराठीत देतो.

यातला १४५ हा टायरचा पन्हा समजा, मिलिमीटरमध्ये. मात्र हा पन्हा जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याचा नव्हे. हवा भरलेल्या टायरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा आहे. पुढचा ८० हा टक्का आहे: टायरच्या बाजूची उंची पन्ह्याच्या किती टक्के, ते तो सांगतो. १४५ चे ८० टक्के म्हणजे ११६ मिलिमीटर. शेवटी १२ म्हणजे ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास, आणि तो इंचांत. पन्हा मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांत असा हा मिश्र कारभार आहे. कोणी हसेल, पण आपण तरी काय करतो? पन्हा इंचांत सांगतो, लांबी मीटरमध्ये मोजतो आणि सुताचा काउंट इंग्रजांच्या हिशेबाने लावतो. धंद्यात जुनी मापे सहज जात नाहीत.

या तीन आकड्यांवरून चाकाची पूर्ण उंची काढता येते. ११६ ची दुप्पट २३२, त्यात १२ इंची रिमचे ३०५ मिळवले की ५३७ मिलिमीटर. वेगळ्या मापाचा टायर घ्यायची वेळ आली तर हा हिशेब आधी करावा. उंची बदलली की गाडीचा वेग दाखवणारा काटा चुकीचा वेग दाखवतो, आणि एकाच धुरेवर दोन उंचीची चाके असतील तर मोठ्या चाकावर नको तितका भार येतो.

काही टायरांवर टक्क्याचा आकडा नसतो, नुसते १४५ आर १२ असते. तिथे उंची ८०-८२ टक्के धरायची असा रिवाज आहे. रिक्षाच्या आणि जुन्या धाटणीच्या ट्रकच्या टायरांवर तर सगळेच इंचांत असते. रिक्षाचा ४.००-८ म्हणजे चार इंच रुंद, आठ इंची रिम. ट्रकचा १०.००-२० म्हणजे दहा इंच रुंद, वीस इंची रिम.

टायर म्हणजे रबर लावलेले कापड

मधल्या 'आर' अक्षराकडे कापडवाल्याने जरा थांबून पाहावे, कारण ही आपल्या घरची गोष्ट आहे. टायर रबराचा असतो असे आपण म्हणतो, पण हवेचा दाब आणि मालाचे वजन रबर पेलत नाही. ते पेलते आतले कापड. रबर त्या कापडाला पाण्यापासून आणि घासण्यापासून वाचवते, हवा कोंडून धरते आणि रस्ता पकडते, इतकेच. बेलफास्टमध्ये डनलॉपने १८८८ साली हवेचा टायर केला, त्यातही कापड होते. सुरुवातीला साध्या विणीचे जाड कापड वापरत. त्यात एक मोठा दोष निघाला. टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सुटतो. त्या हालचालीत ताणा आणि बाणा एकमेकांवर करवतीसारखे घासत आणि धागा तुटे. म्हणून पुढे असे कापड विणू लागले की ज्यात सगळे बळ ताण्याचे. बाणा अगदी बारीक आणि मोजकाच, ताण्याचे धागे रबर चढेपर्यंत जागेवर राहावेत एवढ्यापुरता. आपल्या मागावर असे कापड निघाले तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारील, पण टायरला तेच लागते.

धागा आधी सुताचा होता, मग रेयॉन आला, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि त्यामागून पॉलिएस्टर. नायलॉनचा हा धागा १२६०, १६८०, १८९० डेनियरचा असतो. साडीच्या नायलॉनचे वीस-तीस डेनियर ज्याने हाताळले आहे त्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

आता 'आर'. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये या कापडाचे थर तिरपे बसवलेले असतात, एक थर डावीकडे कललेला तर दुसरा उजवीकडे. शिंपी उरेब पट्टी कापतो तसे. अशा टायरच्या मापात 'आर'च्या जागी नुसती आडवी रेघ असते. बाजारात याला 'नायलॉन टायर' म्हणतात. दुसरी पद्धत रेडियल. तिच्यात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्याखाली पोलादी तारांचे पट्टे वेगळे घातलेले असतात. मिशेलिन कंपनीने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले. 'आर' हे अक्षर याच रेडियलचे. रेडियल कमी तापतो, जास्त चालतो आणि डिझेलही वाचवतो. तिरप्या थरांच्या टायरची बाजू दणकट असते, खाणीच्या आणि कच्च्या रस्त्यांना तो सोसतो. कोणता घ्यावा हे रस्त्यावर अवलंबून आहे, पण एका धुरेवर एक रेडियल आणि एक नायलॉन असे कधीही लावू नये. दोघांची वळणावर दबण्याची रीत वेगळी आहे.

बाजूवर बारीक अक्षरांत कापडाचा तपशीलही दिलेला असतो. मोटारीच्या रेडियलवर साधारण असे आढळते: ट्रेड, १ पॉलिएस्टर, २ स्टील, १ नायलॉन, साइडवॉल, १ पॉलिएस्टर. म्हणजे रस्त्याखाली चार थर, पण बाजूला फक्त एकच. फुटपाथच्या दगडाला बाजू घासली की एवढी काळजी का करावी, ते यावरून समजावे.

याच जागी एक मोठी गफलत होते. मालगाडीच्या टायरवर ८ पीआर, १० पीआर, १६ पीआर असे लिहिलेले असते. दुकानदार सांगतो, "आठ प्लायचा आहे सेठ, आठ थर." हे खरे नाही. फार पूर्वी थर सुती कापडाचे होते तेव्हा थर मोजून ताकद सांगत. नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली, पण मोजण्याची जुनी सवय सुटली नाही. म्हणून आता ८ पीआर म्हणजे आठ सुती थरांइतक्या ताकदीचा टायर, मग आत थर दोन असोत वा चार. काही टायरांवर हीच गोष्ट अक्षराने सांगतात: सी म्हणजे ६, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. फक्त मापाच्या आकड्याला चिकटून येणारा 'सी' (आर १४ सी) वेगळा, त्याचा अर्थ मालवाहू गाडीचा टायर एवढाच. आपल्याकडे त्या जागी बहुधा 'एलटी' असते, म्हणजे हलकी मालगाडी.

वजनाचा आकडा

माझे नुकसान ज्या आकड्याने केले तो आता घेतो. १४५/८० आर १२ ७४ टी यातला ७४. हे किलो नाहीत. हा एका ठरलेल्या कोष्टकातला क्रमांक आहे आणि त्या कोष्टकात ७४ समोर ३७५ किलो आहेत. एक टायर जास्तीत जास्त एवढे पेलतो. ८० म्हणजे ४५० किलो, ८४ म्हणजे ५००, ८६ म्हणजे ५३०, ९१ म्हणजे ६१५, १०० म्हणजे ८००, १०८ म्हणजे १,००० किलो. पाठ करण्याची गरज नाही, टायरच्या दुकानात तक्ता लावलेला असतो. शिवाय बऱ्याच टायरांवर 'मॅक्स लोड' असे लिहून पुढे किलोही दिलेले असतात.

मालगाडीच्या टायरवर दोन क्रमांक असतात, समजा ८६/८४. पहिला आकडा चाक एकटे असेल तेव्हाचा, दुसरा मागच्या धुरेवर टायरांची जोडी असेल तेव्हाचा. जोडीत प्रत्येक टायरचा भार कमी धरतात, कारण दोन टायरांवर वजन कधीच तंतोतंत सारखे पडत नाही. एकात हवा कमी असली की दुसऱ्यावर ओझे जाते, आणि मध्ये वाराही खेळत नाही.

आता माझ्या गाडीचा हिशेब पाहा. तिला लागतो १४५ आर १२ एलटी, ८ पीआर. दुकानदाराने बसवला १४५/८० आर १२, क्रमांक ७४. पन्हा तोच, रिम तीच, चाकाची उंचीही डोळ्यांना सारखीच. किंमत मात्र कमी, म्हणून मी खूश. पण ८६ क्रमांकाचा मालगाडीचा टायर ५३० किलो पेलतो, तर मोटारीचा फक्त ३७५. एका टायरमागे १५५ किलोंची तफावत, आणि ती सगळी त्या बारीक आकड्यात दडलेली.

यात माझीही चूक होती, ती लपवत नाही. कापडवाले आपण सगळे मीटरमध्ये बोलतो. आठ हजार मीटर माल म्हटले की डोळ्यांसमोर पैसे येतात, वजन येत नाही. ते कापड मीटरला ११० ग्रॅमचे होते. आठ हजार मीटरचे ८८० किलो झाले. गाडीला परवानगी साडेसातशेची. पुढे एकदा तेवढाच माल भरून मी फक्त मागची दोन चाके वजनकाट्यावर घेऊन पाहिली, तर १,०८० किलो भरले. म्हणजे एका टायरवर ५४०. ज्या टायरची ताकद ३७५ होती त्याच्यावर मी ५४० ठेवले होते, मे महिन्याच्या दुपारी. योग्य टायर असता तरी तोही दहा किलोने मर्यादेबाहेर गेला असता.

मागची चाके तेवढी काट्यावर घेण्याची ही युक्ती प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी. पूर्ण गाडीचे वजन बरोबर असूनही माल मागे रचला असेल तर मागचे टायर मारले जातात. आणि सूत, कापड, भंगार, फर्निचर, फळांच्या पेट्या या सगळ्यांचे वजन डोळ्यांना फसवते.

मोठ्या ट्रकवाल्यांनी एक गोष्ट वेगळी ध्यानात घ्यावी. २०१८ साली केंद्र सरकारने मालगाड्यांच्या धुरेवरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका धुरेसाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. अनेकांनी याचा अर्थ 'आता टायरही जास्त पेलतात' असा घेतला. १०.०० आर २० या मापाच्या १६ पीआर टायरवर १४६/१४३ असा क्रमांक असतो. १४३ म्हणजे जोडीत २,७२५ किलो. चार टायरांचे झाले १०,९०० किलो. त्याच मापाचा १४९/१४६ क्रमांकाचा टायर घेतला तर जोडीत प्रत्येकी ३,००० आणि चारांचे १२,०००. कायद्याची परवानगी आणि टायरची ताकद ही दोन वेगळी खाती आहेत. तुमच्या गाडीला किती टनांची परवानगी आहे ते गाडीच्या कागदांवर पाहा, आणि टायर किती पेलतो ते टायरवर.

क्रमांकाच्या पुढचे अक्षर वेगाचे. एल म्हणजे ताशी १२०, एन १४०, पी १५०, क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. आपल्या मालगाड्यांना यातले बहुतेक लागत नाही. इतके मात्र खरे की वजनाचा आकडा या वेगापर्यंतच लागू असतो, आणि योग्य हवा असेल तरच.

हवा

टायरवर वजनाच्या शेजारी हवेचा दाबही असतो, केपीए या मापात, आणि बऱ्याचदा पीएसआयमध्ये. हवावाल्याच्या यंत्रावरचा आकडा पीएसआयचा. साधारण सात केपीएचा एक पीएसआय होतो. ४५० केपीए म्हणजे ६५, ३०० केपीए म्हणजे ४४ पीएसआय.

हा आकडा वाचून तेवढी हवा भरायची, असे अनेक जण समजतात. तसे नाही. टायरवरचा आकडा ही वरची हद्द आहे. तुमच्या गाडीत किती हवा हवी हे गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असते; रिकामी असताना किती आणि भरलेली असताना किती, हे वेगळे दिलेले असते. माझ्या त्या टायरवर ३०० केपीए लिहिले होते आणि आमचा ड्रायव्हर रोजच्या सवयीने मागच्या चाकांत साठ भरून निघाला होता. त्याचा दोष नाही, मालगाडीच्या टायरला ते चालले असते.

उलटी चूक जास्त लोक करतात, म्हणजे हवा कमी ठेवतात. गाडी मऊ चालते, दणके बसत नाहीत. पण कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो, दुमडला की तापतो, आणि तापला की रबर आणि कापड यांची पकड सुटते. लोखंडी तार वारंवार वाकवली की गरम होऊन तुटते, त्यातलाच हा प्रकार. टायर फुटतो तो बहुतेक वेळा खिळ्याने नव्हे, या तापण्याने. हवा नेहमी गाडी थंड असताना पाहावी. टायरवर दाबाच्या पुढे 'कोल्ड' लिहिलेले असते त्याचा अर्थ तोच. पन्नास किलोमीटर चालून आल्यावर दाब चढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती कमी पडेल.

जन्मतारीख

आता त्या म्हाताऱ्याने टायर सहा वर्षांचा कसा ओळखला, ते. टायरच्या एका बाजूवर लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. पुष्कळ टायरांवर त्यांच्याआधी डीओटी ही अक्षरे आणि कारखान्याचा संकेत असतो. ती अमेरिकेची पद्धत. चारपैकी पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. माझ्या टायरवर १२११ होते. मी ते वाचले '२०१२, अकरावा महिना' असे. पंक्चरवाला हसला. ते होते २०११ सालचा बारावा आठवडा, म्हणजे मार्च. वर्ष नेहमी शेवटी. जिथे तीनच आकडे दिसतील तो टायर सन २००० पूर्वीचा आहे, त्याच्याकडे पाहूच नये.

तारीख बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूवर असते. फिटर ती बाजू आत टाकून टायर बसवतो. कधी सहज, कधी जाणूनबुजून. म्हणून तारीख वाचायची ती टायर रिमवर चढण्याआधी, दुकानात, टायर उभा असताना. चौकटीभोवती रबर घासल्याची खूण दिसली, किंवा आकडे साच्यातून उठल्यासारखे न दिसता वरून कोरल्यासारखे वाटले, तर टायर परत ठेवून द्यावा.

रबर बसल्या जागीही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवा त्याला कडक करतात, बाजूवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे टायर वापरू नका, असे सांगतात. हा सल्ला नीट वापरलेल्या टायरसाठी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षे पडलेला टायर 'नवा' म्हणून विकला जातो तेव्हा त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य दुकानातच गेलेले असते. कोरे कापड गोदामात दबून राहिले की घडीवर पिवळे पडते आणि आपण त्याचा भाव पाडून मागतो. टायरचा भाव पाडून मागायला तारीख हाच पुरावा आहे.

जुन्या बाजारातून टायर घेणाऱ्यांनी तर ही तारीख आधी पाहावी. नवी रबरपट्टी चढवलेला, म्हणजे रिट्रेड केलेला टायर वाईट नसतो. ट्रकच्या मागच्या चाकांना तो चांगल्या कारखान्यातून करून घेतला तर पैसे वाचतात. पण वरची नक्षी नवी आणि आतले कापड जुनेच, हे विसरू नये. कापडाचे वय बाजूवरच्या तारखेत असते. दुसरा प्रकार मात्र फसवणुकीचा आहे. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरतात. काही ट्रक टायरांत यासाठी जादा रबर ठेवलेले असते आणि तशा टायरवर 'रीग्रूव्हेबल' असे स्पष्ट लिहिलेले असते. हा शब्द नसेल तर ते पाते थेट कापडाजवळ पोहोचलेले असते.

टायर किती झिजला हेही तो स्वतःच सांगतो. बाजूच्या वरच्या कडेला टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या समोरच्या खाचेत तळाशी एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. मोटार आणि मालगाडीसाठी ही हद्द १.६ मिलिमीटर, दुचाकी आणि तीनचाकीसाठी ०.८.

शिक्का आणि बिल

आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. केंद्र सरकारने त्यासाठी २००९ साली आदेश काढला. मोटारीच्या टायरसाठी मानक क्रमांक आयएस १५६३३, मालगाड्यांसाठी १५६३६, दुचाकी-तीनचाकीसाठी १५६२७. माझ्या बाबतीत या एका आकड्यानेही घोटाळा उघड झाला असता, कारण मालगाडीच्या चाकावर १५६३३ दिसले असते. शिक्क्याच्या खाली सीएम/एल असे लिहून परवान्याचा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे मोबाईल ॲप आहे, त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि तो चालू आहे की नाही ते दिसते. मुलांना सांगा, एका मिनिटाचे काम आहे.

बाकीच्या खुणा झटपट सांगून टाकतो. बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर हवी. 'ट्यूबलेस' टायरला ट्यूब लागत नाही, 'ट्यूब टाइप'ला लागते. गोलात 'ई' आणि आकडा ही युरोपच्या मंजुरीची खूण आहे. माल खपवण्यासाठी दुकानदार ती फार कौतुकाने दाखवतात.

टायर घेताना बिलावर फक्त 'टायर १ नग' असे लिहून घेऊ नका. माप, वजनाचा क्रमांक, पीआर, आठवडा-वर्षाचे चार आकडे आणि टायरचा अनुक्रमांक एवढे लिहून मागा. कंपनीकडे तक्रार करायची झाली तर अनुक्रमांक लागतो, आणि दुकानदाराने मोटारीचा टायर मालगाडीला दिला असेल तर तेही बिलातच दिसते. माझ्याकडे बिल होते, पण त्यावर कंपनीचे नाव आणि रक्कम सोडून काही नव्हते. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच स्वस्तातला मागितला होता." यावर मला उत्तर देता आले नाही. दोन गाठींचे कापड पडेल भावात चिंध्यांच्या व्यापाऱ्याला गेले.

आणि हे सगळे तपासताना स्टेपनी विसरू नका. ती गाडीखाली चिखलात लटकलेली असते, कोणी वाकून पाहत नाही, आणि रस्त्यात चाक बदलायची वेळ येते तेव्हा पूर्ण भरलेल्या गाडीचे वजन तिच्यावरच पडते. त्या अपघातानंतर मी आमच्या दुसऱ्या, जुन्या टेम्पोची स्टेपनी खाली उतरवली. नक्षी कोरी करकरीत, एकदाही रस्त्याला न लागलेली. धुतल्यावर आकडे निघाले, ०९०४. तेरा वर्षांची. ती आता कारखान्याच्या दाराला अडण म्हणून लावली आहे.